शिक्क्याचा कागद

"हा कॅन कुणाचा?" मी विचारलं.

निर्वासितांच्या छावणीतल्या नळावर दीडेकशे पिवळे कॅन एकामागे एक लावलेले होते आणि बायका सावली मिळेल तिथं टेकल्या होत्या. कॅन रांगेत, बाई सावलीत, अशी तिथली रीत. रांग हलली की जिनं तिनं उठून आपला कॅन पुढं सरकवायचा. या एका कॅनची मालकीण काही उठत नव्हती. त्याच्या मुठीला लाल चिंधी बांधलेली होती, आणि मागची एक धिप्पाड बाई तो उचलून भिरकावायच्या बेतात होती.

"माझ्या लेकीचा," झाडाखालून एक म्हातारी म्हणाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. "ती लाकडाला गेलीय. येईल."

हे सगळं त्यांच्या भाषेत. माझ्यासोबत रेबेका होती, आमची दुभाषी. ती मला इंग्रजीत सांगायची, मी तिला इंग्रजीत विचारायची, आणि चिडले की मनातल्या मनात मराठीत बोलायची. या गोष्टीतलं छावणीतलं सगळं बोलणं रेबेकाच्या तोंडून आलेलं आहे, एवढं धरून चाला.

त्या धिप्पाड बाईशी मी वाद घातला नाही. नुसता पाय पुढं केला आणि बुटाच्या टोकानं तो कॅन पुढं ढकलला. रांग हलली, पुन्हा ढकलला. तिकडं बघतही नव्हते, रेबेकाशी बोलत होते. औशाजवळच्या आमच्या गावात मी अशाच घागरी ढकलत लहानाची मोठी झालेय. टँकरच्या रांगेत हातात पुस्तक आणि पाय घागरीला. दहावीचं अर्धं गणित मी तसंच केलं.

नंबर यायला चार कॅन उरले असताना एक उंच, काटक बाई डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन धापा टाकत आली. भारा खाली टाकला, आपल्या कॅनकडं बघितलं, माझ्या बुटाकडं बघितलं आणि हसत सुटली.

"काय म्हणतेय ती?" मी रेबेकाला विचारलं.

"म्हणतेय, ही पोलीस खोटी आहे. ही पाणी भरणारी बाई आहे."

ती अचोल. आणि झाडाखालची म्हातारी तिची आई.

याला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा लातूर जिल्ह्यात सहायक निरीक्षक होते आणि शांतिसेनेच्या पोलिसांत निवड होऊन एका वर्षासाठी आफ्रिकेत गेले होते. देशाचं नाव सांगत नाही. निवडीला काय थाट! इंग्रजीचा पेपर, गाडी चालवायची परीक्षा, नेमबाजीची परीक्षा. आणि तिथं उतरल्यावर कळलं की बंदूक द्यायचीच नाहीये. अंगात आपली खाकी, डोक्यावर निळी टोपी, हातात वायरलेस. काठीसुद्धा नाही! गस्त घालायची, बघितलेलं लिहायचं आणि तिथल्या पोलिसांना काम शिकवायचं, एवढीच आमची कामगिरी. बिराजदार हे आडनाव कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून मी झाले मॅडम बिरा.

राहायला पत्र्याचा कंटेनर होता. दुपारी आत भाकरी ठेवली तर तव्याची गरज पडली नसती. भाकरीवरून आठवलं. पहिल्या महिन्यात पाव खाऊन खाऊन मी रडकुंडीला आले होते, आणि एक दिवस छावणीच्या बाजारात काय बघते, तर ज्वारी! पांढरी नाही, जरा तांबूस, पण ज्वारीच. मी अचोलच्या झोपडीपुढं तिच्याच चुलीवर भाकरी थापली. टप् टप् आवाज ऐकून म्हातारीनं विचारलं, "कोण मारतंय कुणाला?" अचोल इतकी हसली की धुरानं की हसण्यानं कोण जाणे, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. म्हातारीला भाकरी आवडली. तेव्हापासून ती मला "ज्वारीवाली" म्हणायची. घरापासून इतक्या लांब कुणीतरी मला माझ्या खाण्यावरून ओळखतंय, याचं मला फार बरं वाटायचं.

अचोल जळण विकायची. त्यावर दोघींचं पोट. जळणासाठी छावणीच्या बाहेर कोसभर चालत जायचं, आणि त्या वाटेवर एक नाका होता. नाक्यावर तीन-चार जण असायचे, कधी सैन्याच्या कपड्यांत, कधी साध्या. बायकांच्या कुऱ्हाडी काढून घ्यायचे, भारे काढून घ्यायचे. बायका नाका दिसला की गवतातून लांबचा वळसा घेत आणि कुणी ओरडलं की भारा टाकून पळत. आमची गाडी आठवड्यातून दोनदा त्यांच्यासोबत जायची. उरलेले पाच दिवस त्यांचे त्यांनाच.

एका मंगळवारी अचोल नळावर आली नाही. मी झोपडीवर गेले, तर ती पाठ करून बसलेली. ओठ फाटलेला, एक हात वर उचलत नव्हता.

"पडले," ती म्हणाली.

मी वीस वर्षं पोलिसात काढलेली. बाई पडते तेव्हा कशी दिसते आणि पाडली जाते तेव्हा कशी दिसते, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी काही विचारलं नाही. चूल पेटवली, भाकरी टाकल्या. तिसरी भाकरी तव्यावर असताना ती बोलायला लागली. रेबेका मध्येच दोनदा पाणी प्यायली. नाक्यावरच्या एकाचं नाव अचोलला माहीत होतं. जुन्या गावाकडचा, तिच्या भावासोबत गुरं राखलेला. त्यानं हिलाही ओळखलं होतं, आणि ओळखूनही सोडलं नव्हतं.

"आता मी जाणार कशी?" ती म्हणाली. "आणि गेले नाही तर हिला काय घालू?"

तिला न्याय-बिय काही नको होता हो. तिला फक्त जळणाला जाऊन परत यायचं होतं.

आमचे टीम लीडर होते मेन्साह साहेब. घानाचे, पन्नाशीतले, या कामात तीन देश बघितलेले. मी रिपोर्ट लिहून नेला, त्यांनी चष्मा चढवून वाचला आणि तिच्या नावावर काट मारली.

"'एक महिला' असं लिही. झोपडीचा नंबरही नको."

"सर, निनावी तक्रारीला आमच्याकडं कुणी विचारत नाही. सरळ केराची टोपली."

"हे तुमच्याकडं नाही, बिरा. इथं कागद कुणाच्या हातात जाईल ते सांगता येत नाही."

"मग तिचं काय करायचं?"

"वरिष्ठांना कळवायचं. गस्त वाढवून मागायची. थांबायचं."

थांबायचं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण थांबणं काय असतं ते मला ठाऊक होतं. माझी द्रौपदा मावशी नवऱ्याच्या मारापायी चार वेळा चौकीत जाऊन आली होती. चारही वेळा जमादारानं चहा पाजून परत पाठवली, "घरातलं घरात मिटवा बाई." पाचव्यांदा ती गेली नाही, तिला नेलं. एका कागदावर चार ओळी कुणी लिहिल्या असत्या तर ती जगली असती, असं माझी आई मरेपर्यंत म्हणायची, आणि मी त्यापायीच पोलिसात भरती झाले. माझ्या ठाण्यातून एकही बाई फिर्यादीची प्रत हातात पडल्याशिवाय परत गेली नाही. फिर्याद लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, अंगठा घ्यायचा, शिक्का मारायचा आणि एक प्रत तिला फुकट द्यायची. कायदाच आहे तो. कागद घरात आला की नवऱ्याचा हात आवरतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. एका बाईनं तर तो फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावला होता.

मेन्साह साहेबांच्या रिपोर्टात मी नाव घातलं नाही. पण तिथल्या पोलिसांना काम शिकवायचं हीसुद्धा माझी ड्युटीच होती की नाही? मी अचोलला घेऊन गेले छावणीजवळच्या त्यांच्या चौकीत. चौकीचा प्रमुख कॅप्टन गाब्रिएल, सभ्य माणूस, पगार चार महिने थकलेला. टेबलावर एक रजिस्टर, त्यात एकही नोंद नाही.

"कॅप्टन, आज आपण गुन्हा कसा नोंदवायचा ते शिकू," मी म्हणाले.

"मॅडम, शिक्का आहे, पण शाई नाही."

"शाई मी आणलीय."

तो हसला. मग अचोलकडं बघून त्याचं हसू थांबलं. तिनं सांगितलं, रेबेकानं इंग्रजी केलं, आणि नमुना म्हणून मी स्वतःच लिहिलं. नाव, वय, झोपडीचा नंबर, धंदा जळण विकणे. सातव्या ओळीत त्या माणसाचं नाव. अक्षर माझं चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळालेलं. अचोलच्या अंगठ्याला मी शाई लावली, कागदावर टेकवला. कॅप्टननं सही केली, शिक्का मारला. गुन्हा नंबर एक.

"आता ही दुसरी प्रत तिची," मी म्हणाले.

"तिला?" कॅप्टननं विचारलं. "तिला कशाला?"

"तिचा हक्क आहे."

त्यानं दुसऱ्या प्रतीवर हात ठेवला. "मॅडम, तुमची खात्री आहे ना?"

"शंभर टक्के."

आज मला तो प्रश्न जसाच्या तसा ऐकू येतो. त्या दिवशी मला वाटलं, याला काम टाळायचंय.

बाहेर आल्यावर अचोलनं कागद उलटा-सुलटा करून बघितला. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण शिक्का बघितल्यावर तिनं अंगठ्याची शाई सुकली की नाही ते कपड्याला पुसून पाहिलं.

"यानं काय होतं?" तिनं विचारलं.

"हा जवळ ठेव," मी म्हणाले. "यावर सरकारचा शिक्का आहे. तू आता एकटी नाहीस, सरकार तुझ्या पाठीशी आहे. कुणी अडवलं तर घाबरायचं नाही. पळायचं नाही. हा काढून दाखवायचा."

रेबेकानं एवढं सगळं सांगायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. "नीट सांगितलंस ना?" मी विचारलं. "सांगितलं," ती म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

झोपडीवर आल्यावर अचोलनं तो कागद आईच्या हातात दिला. म्हातारीनं बोटांनी चाचपला, नाकाशी नेऊन शाईचा वास घेतला. "ज्वारीवालीनं दिला?" तिनं विचारलं. मग घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत बांधला आणि स्वतःच्या हातानं लेकीच्या कमरेला खोचला.

पुढचे दहा-बारा दिवस अचोल जळणाला गेली आणि परत आली. आमची गाडी असताना गेली, नसतानाही गेली. नाक्यावर कुणी अडवलं नाही. माझी छाती इतकी फुगली की विचारू नका. घरी फोन केला तेव्हा आमच्या ह्यांना म्हटलं, "सगळीकडं कायदा सारखाच हो. नुसता कुणीतरी लिहायला पाहिजे." नळावर अचोलनं आपल्या जागेवरून मला हाक मारली आणि कमरेवर हात ठेवून पिशवी दाखवली. हसली. ओठ तोवर बरा झाला होता.

नंतरच्या शुक्रवारी सकाळी मी नळावर ड्युटीला होते. रांग नेहमीसारखीच. लाल चिंधीचा कॅन विसावा-बाविसावा असेल. म्हातारी झाडाखाली.

"लाकडाला गेली?" मी विचारलं.

"गेली. येईल."

मी पाय पुढं केला आणि कॅन ढकलला. रांग सरकत होती. दहावा, आठवा, पाचवा. मी दोनदा फाटकाकडं बघितलं. त्या कॅनचा नंबर लागला तेव्हा मागच्या धिप्पाड बाईनं, तीच ती, स्वतःहून तो बाजूला घेऊन उभा ठेवला आणि मला खूण केली, आपण थांबू. पाच बायका पुढं गेल्या. मग वीस गेल्या.

फाटकातून दोघी पळत आल्या. डोक्यावर भारे नव्हते, पायांत चपला नव्हत्या. त्या रेबेकाकडं गेल्या, माझ्याकडं नाही. बोलता बोलता त्यातल्या एकीनं माझ्याकडं बोट केलं. रेबेका ऐकत होती आणि मला काही सांगत नव्हती. मी तिचा दंड धरून हलवला.

"सांग ना!"

"नाक्यावरच्यांनी हाक मारली," रेबेका म्हणाली. "सगळ्या पळाल्या. रोज पळतात तशा. या दोघी गवतात दडून बघत होत्या. अचोल पळाली नाही, मॅडम. ती उभी राहिली. तिनं कागद काढला आणि दाखवला."

"मग?"

"त्यांच्यातल्या एकाला वाचता येत होतं. त्यानं वाचला. मग दुसऱ्याला वाचून दाखवला."

सातवी ओळ. माझ्या अक्षरात.

आम्ही तीन गाड्या घेऊन गेलो. नाक्यावर कुणी नव्हतं. आडवा लावायचा बांबू तेवढा होता, आणि थोडं पुढं गवतात तिची जळण बांधायची दोरी. नुसती दोरी. मेन्साह साहेबांनी सहा दिवस गस्त लावली, हेलिकॉप्टर मागितलं, एकदा मिळालंही. अचोल सापडली नाही. कागदही नाही. नाक्यावर पुढच्या आठवड्यात दुसरी माणसं आली, आणि ती म्हणाली, आम्हाला काही ठाऊक नाही.

मेन्साह साहेब मला एका शब्दानं बोलले नाहीत. एकदाच विचारलं, "प्रत तू तिला दिलीस?" मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि खिडकीकडं तोंड करून बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

रेबेकाला मी नंतर विचारलं होतं, "त्या दिवशी तू तिला काय सांगितलंस? एवढा वेळ लागला तुला."

"तुम्ही जे बोललात तेच," ती म्हणाली. "एक शब्द माझा घालावासा वाटत होता. पण ते माझं काम नाही ना, मॅडम."

मी माझं वर्ष पुरं केलं. परत आल्यावर छातीवर पदक लागलं, गावात सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं. आजही माझ्या ठाण्यात आलेल्या बाईला मी प्रत देते. देणं कायदाच आहे, आणि इथं त्याचा उपयोगही होतो, हे मी नाकारत नाही. पण ती कागद घेऊन उठायला लागली की मी तिला परत खाली बसवते. "हा घरात ठेव," म्हणते. "अंगावर बाळगू नको. आणि कुणी अंगावर आलं तर उभी राहू नको, बाई. पळ." माझे शिपाई एकमेकांकडं बघतात, मॅडमचं काहीतरी बिनसलंय म्हणून.

त्या शुक्रवारचं एक सांगायचं राहिलं.

गाड्या नाक्याकडं निघायच्या होत्या, त्यांना वीसेक मिनिटं वेळ होता. नळावर लाल चिंधीचा कॅन अजून तसाच बाजूला उभा. बायकांनी मला वाट करून दिली. मी कॅन नळाखाली धरला, भरला, डोक्यावर चढवला. निळी टोपी काढून खिशात कोंबली. म्हातारी तोवर झोपडीत परत गेली होती. मी कॅन दाराशी उतरवला, तसा पाण्याचा आवाज ऐकून ती पुढं सरकत आली आणि तिनं हातानं चिंधी चाचपली.

"अचोल?"

"मी आहे," मी म्हणाले. एवढं मला त्यांच्या भाषेत येत होतं.

तिनं माझा हात शोधून धरला. मी तिचा हात सोडेना. ती रेबेकाकडं तोंड करून काहीतरी बोलली, शांतपणे, समजूत घालतात तसं. रेबेकानं मला ते सांगायच्या आधी तोंडावर ओढणी घेतली.

"म्हणतेय, तू घाबरू नको. उशीर होतोय, पण तिच्याजवळ कागद आहे. मीच खोचलाय कमरेला."